तो घोडा शोभेचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गृहसजावटीच्या पानावर आपण एका घोड्याचा फोटो छापला आहे. अंग मलईच्या रंगाचं, आयाळ मधासारखी, खोगिराखालच्या कापडावर हिरवे ओघळ, चारी पाय एका चौकोनी पाटावर रोवलेले. खाली मजकूर : ‘चिनी मातीचा शोभेचा घोडा. दिवाणखान्यात दक्षिणेला ठेवल्यास भरभराट होते.’

चहा घेता घेता वाचलं आणि कप खाली ठेवला. ही चिनी माती नव्हे. हा घोडा शोभेचा नव्हे. आणि दिवाणखान्याशी त्याचा सुतराम संबंध नाही, कारण तो प्रेताबरोबर पुरायचा असतो. दक्षिण दिशा मात्र तुमची अनवधानाने बरोबर पडली. आपल्याकडे ती यमाची.

मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे कुणी नाही. १९७९ साली कपबश्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ग्लेझ सेक्शनला (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप) लागले, ती २००८ साली तिथूनच निवृत्त झाले. एकोणतीस वर्षं बादल्यांमधलं ग्लेझ ढवळणं, त्याची घनता मोजणं, भट्टीतून आलेल्या मालावर टाचणीएवढी भोकं पडली की कुणाच्या नावाने बिल फाडायचं ते ठरवणं, हे माझं काम. बशीवर ग्लेझ जाड बसलंय की पातळ, हे मला अजूनही हॉटेलात नख फिरवून कळतं आणि आमचे हे टेबलाखालून पाय मारतात. तेव्हा मातीबद्दल कुणी चुकीचं छापलं की मला राहवत नाही.

आपण मराठीत पांढरं आणि चकचकीत दिसलं की सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो. बरणीही चिनी मातीची, संडासाचं भांडंही चिनी मातीचंच. पण खरं पोर्सेलीन म्हणजे शुद्ध पांढरी माती तेराशे अंशांच्या आसपास अशी भाजायची की ती आतून काचेसारखी होते. पातळ कप उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. टिचकी मारली तर टण्ण वाजतो. फोटोतला घोडा या जातीचा नाही. त्याची माती पांढरट असली तरी भाजणी कमी, आतून सच्छिद्र. जिथे ग्लेझ लागलेलं नसतं तिथे जीभ लावली तर चिकटेल, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी. (लावू नका. का ते पुढे येईल.)

गंमत म्हणजे हे घोडे घडवणाऱ्यांना कडक पांढरी भांडी येत नव्हती अशातला भाग नाही. हनान प्रांतात गोंगयी म्हणून गाव आहे, लोयांगपासून जवळ. तिथल्या भट्ट्यांमध्ये तांग राजवटीत, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या काळात, उत्तम पांढरी भांडी निघत आणि हे रंगीत घोडेही निघत. शीआनच्या उत्तरेला थोंगछ्वानजवळ ह्वांगपाओच्या भट्ट्या, त्यांचंही तेच. ज्यात कुणी चहा ओतणार नाही, जे कुणी धुणार नाही, ते तेराशेपर्यंत कशाला तापवायचं? जळण काय फुकट येतं? हा हिशेब मला लगेच पटला. आमच्याकडेही ‘एक्स्पोर्टचा माल’ आणि ‘लोकलचा माल’ यांच्या भट्ट्या वेगळ्या लावत.

या प्रकाराला चिनी भाषेत ‘सानत्साय’ म्हणतात, म्हणजे तीन रंग. प्रत्यक्षात कधी दोन, कधी चार. लोखंडाने मध-तपकिरी, तांब्याने हिरवा, काहीच न घालता मलईचा पांढरा. क्वचित कोबाल्टचा निळा असतो, आणि कोबाल्ट बाहेरून आणावं लागे, त्यामुळे निळा भाग दिसला की समजावं, मयताच्या घरचे पैशाला कमी नव्हते. घोड्याचे तुकडे साच्यात काढायचे, आतून पोकळ. मग पातळ मातीने सांधायचे, सुकवायचे आणि हजार-अकराशे अंशांना एकदा भाजायचे. आम्ही याला ‘बिस्किट’ म्हणायचो. मग त्यावर ग्लेझ आणि दुसरी भट्टी आठशे-नऊशेची. पहिली भाजणी कडक, दुसरी नरम; बोन चायनाची पद्धतही हीच.

हे ग्लेझ शिशाचं. आपल्याकडे मारुतीला जो शेंदूर फासत आले तो म्हणजेही शिशाचाच लाल ऑक्साइड, त्या घराण्यातलं द्रव्य. (तेव्हा जीभ लावू नका.) शिसं घातलं की ग्लेझ कमी तापमानाला वितळतं, रंग खुलून येतात, चमक अशी येते की ओलं वाटावं. पण ते थांबत नाही. उतारावर पाणी सोडल्यासारखं धावतं. हिरवं तपकिरीत शिरतं, तपकिरी पांढऱ्यात, आणि कारागिराने कितीही रेघा आखून दिल्या तरी शेवटचा हात भट्टीचाच. आमच्या सेक्शनला रंगकामासाठी शिशाचं फ्रिट (वितळवून दळलेली काच) यायचं तेव्हा दर सहा महिन्यांनी आमचं रक्त तपासायचे, डॉक्टर हिरड्या बघायचे. त्यामुळे शिशाची मला भीती आहे आणि त्याच्या चमकेचं आकर्षणही आहे; दोन्ही खरं.

चार वर्षांपूर्वी लेक-जावयाकडे लंडनला गेले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये तेहेतीस नंबरचं दालन चीनचं. तिथे लियू थिंगश्युन या सेनापतीच्या थडग्यातले म्हणून ओळखले जाणारे तेरा पुतळे एका रांगेत उभे आहेत. हा गृहस्थ ७२८ साली बहात्तराव्या वर्षी वारला. दोन विक्राळ भूतरक्षक, दोन लोकपाल, दोन अधिकारी, दोन घोडे, दोन उंट आणि तीन मोतद्दार, म्हणजे जनावरं सांभाळणारे नोकर. सर्वांत उंच पुतळा मीटरभराहून थोडा मोठा. ‘लोकपाल’ हा शब्द तिथल्या पाटीवर वाचून मला आधी अण्णा हजारेच आठवले, खोटं कशाला बोलू. शब्द आपलाच आहे, ही देवता बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेली आणि थडग्याच्या राखणीला लागली.

मी त्या काचेपुढे तास-दीड तास काढला असेन. अधिकाऱ्यांच्या अंगावर रंगीत ग्लेझ, पण चेहरे कोरडे. बघणाऱ्याला वाटावं, काम अर्धवट राहिलं. ग्लेझवाल्याला लगेच कळतं : चेहऱ्यावर शिशाचं ग्लेझ घातलं तर भट्टीत भुवया ओघळून हनुवटीवर येतील. म्हणून चेहरा मोकळा ठेवायचा आणि भाजून झाल्यावर रंगाने डोळे-ओठ काढायचे. माणसाच्या बाबतीत त्यांनी भट्टीवर भरवसा ठेवला नाही. घोड्याच्या बाबतीत ठेवला. घोड्याचं अख्खं अंग त्यांनी वाहू दिलं.

खाली वाकून घोड्याचं पोट बघितलं. तिथे ग्लेझचा एक थेंब लोंबत होता. पडायच्या बेतात होता तेवढ्यात भट्टी निवायला लागली असणार, आणि तो तसाच राहिला, तेराशे वर्षं. आमच्याकडे असा थेंब आला की तो नग ‘सेकंड’मध्ये जायचा. मी इतकी खाली वाकले की रखवालदार जवळ येऊन उभा राहिला. जावयाने त्याला सांगितलं, माझ्या सासूबाई याच धंद्यातल्या आहेत. तो हसला आणि म्हणाला, मग त्यांना सांगा, काचेला नाक लावू नका.

मोतद्दाराच्या हातांनी मला त्याहून जास्त वेळ धरून ठेवलं. दोन्ही मुठी वळलेल्या, एक वर, एक खाली, आणि मुठींमधून आरपार जागा. त्यात एके काळी लगामाची दोरी होती. दोरी कुजली, माती राहिली. तो गडी अजून जोर लावून ओढतोय आणि हातात काही नाही. याच काळातल्या कित्येक घोड्यांच्या मानेवर लांब खाच असते आणि मागे शेपटीच्या जागी भोक. तिथे खऱ्या केसांची आयाळ आणि खऱ्या केसांची शेपूट खोवायचे. तीही गेली. आज आपण ज्याला ‘मूळ वस्तू’ म्हणतो, ती वस्तूतली फक्त न कुजणारी बाजू आहे.

आता शोभेचं बघू. थडग्यात ठेवायच्या वस्तूंना तिकडे ‘मिंगछी’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यांतल्या माणसा-जनावरांच्या पुतळ्यांना ‘योंग’. हे पुतळे कुणाच्या बदली आले, ते सांगितल्याशिवाय घोड्याचा विषय पुरा होत नाही.

आधी खरे घोडे पुरत. शानतुंग प्रांतात लिन्त्झ इथे छी राज्याच्या चिंग नावाच्या राजाचं थडगं आहे. हा राजा इ. स. पू. ४९० मध्ये गेला. थडग्याच्या तीन बाजूंनी खंदक आणि खंदकात घोडे, दोन ओळींत, एका कुशीवर, पाय दुमडलेले, जणू पळताहेत. उकरलेल्या भागात २२८ निघाले आणि सगळे मिळून सहाशेवर असावेत असा अंदाज आहे. एका माणसासाठी सहाशे घोडे! आपण नाक मुरडायचं कारण नाही. नागपूरजवळ माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात महापाषाणयुगातल्या शिलावर्तुळांखाली माणसांबरोबर घोड्यांची हाडं, लोखंडी लगामाचे तुकडे आणि घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने निघाले. विदर्भातल्या त्या माणसांनीही आपल्या मृतांना घोडा दिला होता, खराखुरा.

मग खऱ्याच्या जागी खोटा आला. हे आपल्याला समजायला अवघड नाही. नवरात्रात बोकडाऐवजी कोहळा कापणारी घरं आपल्यात आहेत. परगावी माणूस गेला आणि देह मिळाला नाही, तर दर्भाचा नि पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. चीनमध्येही गवताच्या जुड्या बांधून थडग्यात ठेवायची जुनी चाल होती आणि कन्फ्यूशिअसला ती मान्य होती. हुबेहूब माणसासारखे पुतळे मात्र त्याला सोसले नाहीत. ज्याने पहिल्यांदा असा पुतळा केला तो निर्वंश होवो, असे त्याचे उद्गार मेन्शियसने नोंदवून ठेवले आहेत. शिव्याशापच की! वरवर हे उलटं वाटतं, कारण पुतळे आल्याने जीव वाचले असणार. पण म्हाताऱ्याचं म्हणणं मला थोडंफार कळतं. गवताच्या जुडीला कुणी माणूस समजत नाही. हुबेहूब डोळे-नाक काढलं की पुरणाऱ्याच्या मनाला माणूस पुरायची सवय होते. आणि हा कन्फ्यूशिअस त्या सहाशे घोड्यांच्या राजाला प्रत्यक्ष भेटलेला होता.

शीआनजवळची मातीची सेना सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. १९७४च्या मार्चमध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना ती लागली. पहिला सम्राट छिन शी हुआंग इ. स. पू. २१० मध्ये गेला, त्याच्या थडग्याची ही राखण. सैनिकांचीच चर्चा होते, पण त्यांत रथाचे पाचशेवर घोडे आहेत, शिवाय स्वारीचे शंभराहून जास्त. सगळे अंगापिंडाने मोठ्या तट्टाएवढे. रथाच्या घोड्याची शेपूट गाठ मारून आखडलेली, म्हणजे सामानात अडकू नये. स्वारीच्या घोड्याची वेणी घातलेली. त्यांच्या बरगडीवर एक गोल भोक आहे आणि त्यात मातीचा बोळा. अख्खा घोडा पोकळ, भट्टीत आतली हवा आणि वाफ जाणार कुठून? ते भोक ठेवलं नसतं तर घोडा फुटला असता आणि शेजारचे चार घेऊन फुटला असता. हे मी स्वानुभवाने सांगते. एकदा झाकण बंद असलेली एक पोकळ किटली आमच्या भट्टीत गेली होती, तिने सबंध ट्रॉली खाल्ली.

मातीचे घोडे आले म्हणून खरे सुटले असंही नाही. त्याच सम्राटाच्या थडग्याच्या परिसरात खऱ्या घोड्यांचे खड्डे आहेत, आणि त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसलेले मातीचे मोतद्दार. घोडा खरा, नोकर मातीचा.

पुढे हान राजवटीत पुतळे लहान झाले, संख्या तशीच राहिली. १९६५ साली शियानयांगजवळ यांगच्यावानला खड्ड्यांमधून अडीचेक हजार पुतळे निघाले, त्यांत पाचशेहून जास्त घोडेस्वार. याच काळात चिनी लोकांना परदेशी घोड्याचं वेड लागलं, आणि त्याला कारण होतं. उत्तरेच्या गवताळ मुलखातले श्युंगनू टोळीवाले घोड्यावरच जन्मायचे. त्यांच्यापुढे चीनची तट्टं उणी पडत. चांग छियेन नावाच्या राजदूताला सम्राट वू ने इ. स. पू. १३८ मध्ये पश्चिमेला धाडलं. तो मध्येच कैदेत पडला, सुटला आणि बारा-तेरा वर्षांनी परत आला, तो फरगाण्याच्या घोड्यांची बातमी घेऊन. फरगाणा म्हणजे तेच, जिथून पुढे बाबर आला. तिथल्या घोड्यांना घामाऐवजी रक्त फुटतं असं म्हणत. कातडीखालच्या जंतामुळे तसं होत असावं असा आजचा एक तर्क आहे, पण सम्राटाने त्यांना ‘स्वर्गीय घोडे’ म्हटलं. मागून मिळेनात म्हणून इ. स. पू. १०४ मध्ये ली क्वांगली याला फौज देऊन पाठवलं. पहिली स्वारी फसली. दुसरीनंतर इ. स. पू. १०१ मध्ये घोडे आले, पण निघालेल्या माणसांपैकी फार थोडी माघारी आली. अरबी घोड्यासाठी दख्खनच्या सुलतानांनी चौल-गोव्याच्या बंदरांत किती सोनं ओतलं ते वाचलेल्यांना हे वेड ओळखीचं वाटेल.

एक लहानशी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. छांगशा इथल्या इ. स. ३०२ सालच्या एका थडग्यात मातीचे घोडेस्वार मिळाले. अगदी साध्या कामाचे, ओबडधोबड. शोभा म्हणावी तर शून्य. पण काहींच्या खोगिराला एक त्रिकोणी रिकीब आहे. एकच, डाव्या बाजूला आणि तीही तोकडी. स्वाराचा पाय तिच्यात नाहीच. म्हणजे ती चढण्यापुरती, पायरीसारखी. छिन सम्राटाच्या घोड्यांना खोगीर आहे, पण रिकीब नाही. रिकिबीची सुरुवात शोधणाऱ्यांना हा मातीचा तुकडा लाखमोलाचा ठरला. ज्या कुंभाराने तो त्रिकोण चिकटवला त्याने जे दिसलं ते केलं, बस्स.

तांग काळात घोडा म्हणजे राज्याचा कणा. राजवटीच्या सुरुवातीला सरकारी पागेत पाच हजार घोडे होते, ते सातव्या शतकाच्या मध्यानंतर सात लाख सहा हजारांवर गेले, असं तिथल्या दरबारी इतिहासात लिहिलेलं आहे. घोडा पुरुषांचाच होता असंही नाही. पोलो खेळणाऱ्या बायकांचे मातीचे पुतळे आहेत, घोडा चारी पायांवर उधळलेला आणि बाई एका बाजूला झुकलेली. ही मूर्ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मनात म्हटलं, तेराशे वर्षांपूर्वी या घोड्यावर बसत होत्या आणि आमच्या कारखान्यात १९८५पर्यंत बायकांना भट्टीजवळ जाऊ देत नव्हते.

एक पाय उचललेले घोडेही सापडतात. त्यांतले काही नाचणारे घोडे असावेत असं मानतात. सम्राट श्वानत्सुंग याच्या पदरी नाचायला शिकवलेले शंभर घोडे होते. त्याच्या वाढदिवसाला ते संगीतावर ठेका धरत आणि शेवटी तोंडात प्याला धरून गुडघे टेकत. १९७० साली शीआनमध्ये चांदीचा एक बुधला निघाला, त्यावर असाच तोंडात प्याला धरलेला घोडा उठावात आहे. ७५५ साली आन लुशानने बंड केलं, राजधानी पडली, घोडे विखुरले. त्यांतले काही एका सेनापतीच्या तबेल्यात गेले, जिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. एकदा छावणीत मेजवानीला वाद्यं वाजली आणि घोडे नाचू लागले. मोतद्दारांना वाटलं, झपाटले. त्यांनी मारायला सुरुवात केली. घोड्यांना वाटलं, आपला ठेका चुकतोय, म्हणून ते आणखी मन लावून नाचले. मरेपर्यंत. गोष्ट पुढच्या काळात लिहिलेली आहे, तिच्यात मीठमसाला असेलही. नातवाला सांगितली तेव्हा तो उठून दुसऱ्या खोलीत गेला.

शोभेबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर मीही आपल्यासारखीच अर्धवट माहिती दिल्याचा दोष माझ्यावर येईल. हे घोडे पुरण्यापूर्वी अंत्ययात्रेत मिरवत. ७१२ साली थांग शाओ नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाकडे तक्रार केली होती की सरदार आणि अंमलदार चढाओढीने खर्च करतात, मातीची माणसं-घोडे जिवंत वाटावेत इतके नटवतात, आणि ते मनातल्या श्रद्धेपोटी नसून रस्त्यावरच्या लोकांचे डोळे दिपवण्यासाठी असतं. आजच्या लग्नांबद्दल लिहिल्यासारखं वाटतं! नियम होते. वरच्या तीन श्रेणींतल्या अधिकाऱ्याला नव्वद नग, पाचवीपर्यंत साठ, नववीपर्यंत चाळीस. घोड्या-उंटांची उंची साधारण एक चिनी फूट, म्हणजे तीसेक सेंटिमीटर. लंडनमधला तो मीटरभर उंचीचा काफिला डोळ्यांसमोर आणा आणि नियम कोण पाळत होतं ते ठरवा. ७४१ साली संख्या आणखी घटवली, सामान्य माणसाला पंधरा नग ठरवून दिले, आणि साध्या भाजल्या मातीचेच करा, लाकूड-सोनं-चांदी-तांबं नको, असंही बजावलं. तेव्हा हा घोडा शोभेचा होता खरा, पण घरापासून खड्ड्यापर्यंतच्या रस्त्यापुरता. त्यानंतर दार बंद आणि काळोख.

तो काळोख विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुटला. लोयांगच्या उत्तरेला मांगशानचे डोंगर आहेत. तिथे पुरलं जावं अशी जुन्या लोकांची इच्छा असे, त्यामुळे जमीन थडग्यांनी भरलेली. १९०५नंतर तिथून रेल्वेचं काम सुरू झालं आणि कुदळीखाली हे घोडे-उंट निघू लागले. मजुरांनी ते फोडले, फेकले. थडग्यातली वस्तू घरात ठेवणं अपशकुनी, ही तिथली साधी समजूत. मग काही नग पेकिंगच्या जुन्या बाजारात पोचले, विद्वानांनी पाहिले, परदेशी संग्राहकांनी पाहिले, आणि भाव चढले. ज्या देशात ही वस्तू उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तिला आपण ‘घरात ठेवा, भरभराट होईल’ म्हणून छापतो. बरं, हे फेंगशुई या चिनी शास्त्राच्या नावाने!

भाव चढल्यावर नकला आल्याच. लोयांगजवळ आजही खेडी या नकलांवर चालतात, आणि त्यांतले कारागीर हाताचे पक्के आहेत. माती तीच, साचा तसाच. डोळ्यांनी फरक सांगणं भल्याभल्यांना जमत नाही, मलाही जमणार नाही. त्यासाठी घोड्याच्या न दिसणाऱ्या जागेतून चिमूटभर माती कोरतात. मातीतल्या गारेच्या कणांत आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा वर्षानुवर्षं साठत जाते. भट्टीत गेल्यावर ती सगळी निघून जाते, पाटी कोरी होते, आणि भट्टीतून बाहेर आल्या दिवसापासून परत साठू लागते. प्रयोगशाळेत तो कण तापवला की मंद उजेड पडतो. उजेड जितका जास्त, तितकी भट्टी जुनी. एकोणतीस वर्षं मी भट्टीतून आलेला माल तपासला, प्रत्येक बशी स्वतःचं घड्याळ लावून बाहेर पडतेय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या वहिनींनी आपली पुरवणी वाचून तसाच एक घोडा आणला. इथल्याच बाजारातून, अठराशे रुपयांना. मला बोलावून दाखवला. टीव्हीच्या कपाटावर, दक्षिणेला. मी नख फिरवलं. ग्लेझ बरं आहे, एकसारखं, कुठे ओघळ नाही, थेंब नाही. आणि हिरवा रंग ब्रशने काढलेला आहे, वाहिलेला नाही. मी त्यांना हे सगळं सांगितलं, थडगं, प्रेत, मोतद्दाराची रिकामी मूठ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘काकू, तो प्रेताचा असेल तिकडे. हा डोंबिवलीत घेतलाय.’ आणि घोड्याखाली क्रोशाचा रुमाल घातला.

आपण दुरुस्ती छापावी अशी विनंती. जागा कमी असेल तर ‘चिनी मातीचा’ऐवजी ‘चीनमधला, भाजल्या मातीचा’ आणि ‘शोभेचा’ऐवजी ‘थडग्यातला’ एवढे बदल केलेत तरी चालेल. दक्षिणेचं राहू द्या.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त ग्लेझवाली
डोंबिवली (पूर्व)